बाबांच्या हातचं

नाक कुणी मागून घेत नाही. जे मिळालं ते पुढे करून आयुष्यभर चालायचं, एवढंच माणसाच्या हातात असतं. तिला मिळालं ते बाबांचं. लांब, मधेच हाड वर आलेलं आणि शेंड्याला डावीकडे कललेलं. पुरुषाच्या चेहऱ्यावर असलं नाक रुबाबदार म्हणून खपून जातं. मुलीच्या चेहऱ्यावर असलं की शाळेत पोपट म्हणतात, लग्नाच्या वयात ‘बाकी मुलगी छान आहे’ म्हणतात, आणि पस्तिशी उलटली की कुणी काहीच म्हणत नाही. हे शेवटचं तिला सगळ्यांत जास्त लागलं. छत्तिसाव्या वर्षी तिने नाक बदलून घेतलं.

ऑपरेशनला चार दिवस झाले होते. नाकावर पांढरं प्लास्टर, दोन्ही डोळ्यांखाली वांग्याच्या रंगाची सूज, आणि पाठीशी तीन उशा. आडवं झोपायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून शिंकायचं. तीन आठवडे मान खाली घालून कसलंही काम करायचं नाही, आणि नाकाच्या किंवा डोळ्यांच्या आसपास काही म्हणता काही टेकवायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं कागदावर लिहून दिलं होतं, आणि तो कागद आत्याने कपाटावर चिकटवला होता.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून याच घरात राहायची आणि घर आपलंच असल्यासारखं चालवायची. नाक तिचंही तेच, तसूभर मोठंच.

“मी याच नाकाने नवरा मिळवला,” बर्फाची पिशवी तिच्या कपाळावर ठेवत आत्या म्हणाली, “दोन पोरं वाढवली, आणि या गल्लीतलं एक भांडण हरले नाही. तुला काय धाड भरली होती?”

“आत्या, हसवू नकोस. दुखतं.”

“हसवतेय कोण? शिव्या देतेय मी.”

बाबांना तिने सांगितलं होतं की श्वासाला त्रास होतो, आतलं हाड वाकडं आहे, ते सरळ करावं लागणार. बाबा म्हणाले होते, “माझ्या आईचं होतं ते नाक. पण श्वासच घेता येत नसेल तर काय करायचंय आईचं.” एवढ्यावर विषय संपला होता. बाबांशी खोटं बोलणं तिला काही जड गेलं नाही. दोन वर्षांची सवय होती.

त्या खोट्याची गोष्ट अशी. बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं एकाच दुकानात, एकाच काचेमागे बसलेले. एका बाजूला औषधांचं दुकान, दुसऱ्या बाजूला चावीवाला. तिची आई लवकर गेली, तेव्हा शाळा सुटली की ती दुकानातच यायची आणि बाबांच्या शेजारी स्टुलावर बसायची. दहाव्या वर्षी तिने पहिलं घड्याळ उघडलं आणि विसाव्या वर्षी बाबांनी तिच्या नावाने दुसरं टेबल मांडलं. दोन वर्षांपूर्वी बाबांचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाशी, मग सहीशी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे वाढत जाणार, बारीक काम आता सोडा. बाबांनी त्यांनाच उलटं सुनावलं, “हात चहाला थरथरतो डॉक्टर, कामाला नाही. कामाला बसलो की तो आपोआप थांबतो.”

तो थांबत नव्हता. एका मास्तरांचं घड्याळ दुसऱ्याच दिवशी परत आलं, तेव्हा बाबा जेवायला घरी गेले होते. तिने ते उघडून पाहिलं. केसाएवढी बारीक स्प्रिंग दुमडली होती आणि स्क्रूच्या डोक्यावर ओरखडेच ओरखडे. नवशिक्यानेसुद्धा असं केलं नसतं. तिने ते नीट केलं, मास्तरांना दिलं आणि बाबांना काही बोलली नाही. त्या संध्याकाळी बाबा पाचला घरी गेल्यावर तिने त्यांच्या तबकातली बाकीची घड्याळं उघडली. सगळ्यांची तीच गत.

मग तसाच रिवाज पडला. दहा ते पाच बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. पाच ते सात ती शटर अर्धं ओढून तीच घड्याळं पुन्हा उघडायची आणि पहिल्यापासून करायची. गिऱ्हाइकाला घड्याळ दुसऱ्या दिवशीच मिळेल, असा नियम तिने त्यासाठीच केला होता. बाबांना याचा पत्ता नव्हता. उलट ते येईल त्याला सांगायचे, “दोन वर्षांत एक घड्याळ परत आलेलं नाही. आणि हे म्हणे डॉक्टर!” हे म्हणताना त्यांची छाती फुगायची. त्या वाक्यावर बाबा सकाळी उठत होते, दाढी करत होते आणि इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात येत होते. ते वाक्य खोटं पडलं तर बाबा कसले उरणार, हा विचार तिने कधी पुरा होऊ दिला नाही.

यात तिच्याकडून एक चूक होत होती, आणि ती घड्याळजीच करू जाणे. या धंद्यात ज्याने घड्याळ उघडलं त्याने मागच्या झाकणाच्या आत सुईने आपली खूण कोरायची असते. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. उद्या दुसऱ्या कुणी ते उघडलं तर आधी कुणाचा हात लागला होता ते कळावं, एवढ्यासाठी. बाबांनी तिला हत्यार धरायच्या आधी हे शिकवलं होतं. खूण न करता झाकण लावणं म्हणजे चोरी, असं ते म्हणायचे. बाबांची खूण म्हणजे तारीख आणि खाली अर्धी चंद्रकोर. तिने पुन्हा केलेल्या घड्याळात दुसरी खूण असायला नको, हे तिला कळत होतं. पण झाकण तसंच लावायला तिचा हात धजेना. म्हणून ती चंद्रकोरीच्या पोटात सुईचं टोक एकदा टेकवायची. एक ठिपका. दोन वर्षं बापाशी खोटं बोलली, पण झाकणाशी बोलता आलं नाही. वेडी, दुसरं काय.

ऑपरेशनसाठी तिने सगळा बंदोबस्त केला होता. दुकानावर पाटी लावली, ‘तीन आठवडे बंद’. दुकानाची किल्ली स्वतःच्या कपाटात ठेवली. बाबांना म्हणाली, “चाळीस वर्षांत सुट्टी घेतली नाहीत, आता घ्या.” बाबा हो म्हणाले होते. शहाण्या माणसाने बाबांच्या ‘हो’वर विसंबू नये.

पाचव्या दिवशी संध्याकाळी बाबा घरी आले ते शीळ घालत. ती उशांना टेकून बसली होती.

“कुठे गेला होतात?”

“कुठे म्हणजे? दुकानात.”

तिच्या नाकात एकदम ठणका उठला. “किल्ली तर माझ्याकडे आहे.”

“चावीवाला शेजारी बसतो बाळ, विसरलीस? कुलूप खोललं त्याने, त्याचीच नवी किल्ली करून दिली. म्हणाला, काका, तुमच्याशिवाय गल्ली सुनी वाटते.” बाबा पलंगाच्या कडेवर बसले. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर अशी लाली दिसत होती. “लेक आजारी पडली म्हणून दुकान बंद ठेवायला मी काय मेलोय का? अकरा घड्याळं आली आज. अकरा! सगळी हातावेगळी केली. उद्या चारला न्यायला येतील.”

“बाबा, मी येईपर्यंत ती देऊ नका.”

“का गं?”

काय सांगणार? तिने इकडून तिकडून कारणं जुळवली. हिशेबाची वही तिच्याकडे आहे, पिशव्या संपल्यात, गिऱ्हाईक घाई करत नाही. बाबा हसले. “तुझं नाक सरळ होतंय, पण डोकं वाकडं व्हायला लागलं. झोप तू.” जाता जाता त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत होता, केसांतूनही तिला ते जाणवत होतं.

त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर? पुढे तिने हे स्वतःला कितीदा तरी विचारलं. पण शीळ घालत आलेल्या बापाला कुठल्या तोंडाने सांगायचं?

सहाव्या दिवशी दुपारी एकला बाबा जेवायला आले आणि आत्या त्यांना वाढायला बसली. ती मागच्या दाराने निघाली. प्लास्टर झाकायला ओढणी डोक्यावरून तोंडावर घेतली होती. दहा मिनिटांचा रस्ता, पण प्रत्येक पावलाला डोकं ठणठण वाजत होतं. बाबांना जेवून परत यायला तास लागायचा. एका तासात अकरा घड्याळं होणार नाहीत, पण निदान वाईटातली वाईट तरी, असा हिशोब करून तिने आपल्या किल्लीने कुलूप काढलं आणि शटर वर ढकललं.

तबकात अकरा घड्याळं ओळीने ठेवलेली होती. पाच चालू होती, सहा बंद. बंद पडलेली बाबांना दिसली कशी नाहीत? की दिसली, आणि ‘चालतील उद्यापर्यंत’ असं त्यांनी मनाला सांगितलं? तिला त्याचा विचार करायचा नव्हता. तिने पहिलं उचललं, झाकण काढलं, आणि सवयीने भिंग डोळ्याला लावायला गेली. भिंग भुवई आणि गाल यांच्यामधे धरायचं असतं. गाल सुजून टम्म झाला होता. भिंग टेकताच डोळ्यांपुढे पांढरं चमकलं आणि ते घरंगळून टेबलावर पडलं. तिने ते एका हाताने धरलं, तर चिमट्याला एकच हात उरला. तिने घड्याळ उचलून डोळ्यांसमोर धरलं, तर चाकं निसटायला लागली. शेवटी तिने मान खाली घातली. कागदावर नको म्हणून लिहिलं होतं तेच केलं.

स्क्रू दोन फिरले असतील. नाकाच्या मुळाशी काहीतरी कोमट सरकलं आणि टपकन थेंब पडला, थेट उघड्या घड्याळात. ती बघतच राहिली. दुसरा पडला. चाकांच्या दातांमधून रक्त पसरलं. दोन वर्षांत बाबांच्या थरथरत्या हातून घड्याळाची जी नासाडी कधी झाली नव्हती, ती तिच्या हातून झाली. तिने कापसाने टिपायला घेतलं तर कापसाचे धागे आत अडकले.

“अगं वेडी झालीस का?”

बाबा दारात उभे होते. पलंग रिकामा दिसला आणि ते ताटावरून उठून आले होते. त्यांनी तिला मागून धरून खुर्चीत टेकवलं, तिची मान वर केली, आणि स्वतःच्या रुमालाने ओठावरचं रक्त पुसलं.

“एवढी कसली काळजी गं तुला दुकानाची?” त्यांनी रुमालाची घडी पालटली. “मी आहे ना इथे. तुझा बाप आहे ना.”

“बाबा, ते घड्याळ...”

“असू दे. तू लहानपणी टेबलावर दूध सांडायचीस तेव्हा कोण निस्तरायचं? आज हेही निस्तरतो.”

आणि त्यांनी ते रक्ताचं घड्याळ उचललं. ती मान वर करून बसली होती, त्यामुळे तिला फक्त छत दिसत होतं. ऐकू मात्र येत होतं. चिमटा धातूवर टकटक टकटक वाजत होता. स्वच्छ हाताचा चिमटा आवाज करत नाही, हेही तिला बाबांनीच शिकवलं होतं. बंद होती ती बाबांनी हलवून तेवढ्यापुरती चालू केली, आणि चार वाजता लोक आले आणि सगळी घड्याळं घेऊन गेले.

आठव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंनी प्लास्टर काढलं. रक्त आल्याचं कळलं तेव्हा बाई चिडल्या, पण नाकाला काही झालं नव्हतं. आरसा पुढे आला. सूज होती, पट्ट्या होत्या, तरी दिसत होतं ते. सरळ. बारीक. मधलं हाड गेलेलं. तीस वर्षं जे मागितलं ते समोर होतं, आणि तिच्या मनात एकच होतं की कालपर्यंत किती घड्याळं परत आली असतील.

आत्या बाहेर थांबली होती. तिने बराच वेळ बघितलं. “चांगलं झालंय,” शेवटी म्हणाली. “आता या घरात आम्ही दोघंच पोपट.” आणि पदर नीट करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

घरी जाताना ती दुकानावरून गेली. आत्याला म्हणाली, तू पुढे हो. दुकानात बाबा उभे होते, आणि काचेवर चार घड्याळं पडली होती. अजून दोघं घड्याळ हातात घेऊन थांबले होते. सगळ्यांत पुढे एक नर्सबाई होत्या, जुन्या गिऱ्हाईक.

“काका, रागावू नका,” नर्सबाई सांगत होत्या, “पण रुग्णाची नाडी मी यावर मोजते. परवा नेलं आणि काल वॉर्डात बंद पडलं. आणि हे बघा, माझ्या आईचं. हे तुम्हीच गेल्या वर्षी केलंत ना? एक मिनिट मागेपुढे नाही. मग याच वेळी असं कसं झालं?”

“बघतो. आईचं जरा द्या इकडे,” बाबा म्हणाले. “त्यात काय केलं होतं ते बघू, म्हणजे यात काय राहिलं ते कळेल.”

चांगल्या कारागिराचाच विचार तो. ती ‘बाबा’ म्हणून पुढे झाली, पण तोवर झाकण निघालं होतं. बाबांनी भिंग लावलं. तारीख त्यांची. चंद्रकोर त्यांची. आणि पोटात ठिपका. बाबा बघत राहिले. मग त्यांनी औषधवाल्याला हाक मारली आणि त्याच्या मनगटावरचं घड्याळ मागून घेतलं. ते उघडलं. मग चावीवाल्याचं. मग रांगेत थांबलेल्या एका म्हाताऱ्याच्या मनगटावरचं दुसरं, दीड वर्षापूर्वी केलेलं. प्रत्येक झाकण त्यांनी काचेवर उताणं ठेवलं. शेवटी त्यांनी या आठवड्यातलं एक उघडलं. त्यात चंद्रकोर होती, ठिपका नव्हता.

चावीवाला रस्त्याकडे बघत होता, औषधवाला स्वतःच्या नखांकडे. तिला तेव्हा उमगलं की गल्लीला माहीत होतं. अर्ध्या शटरखालून रोज सात वाजेपर्यंत उजेड दिसत होता. लोक काही आंधळे नव्हते. बाबांनाही ते उमगलं असावं, कारण त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाले, “मुलगी बरी झाली की देईल तुमची घड्याळं.” ती समोरच उभी होती. तिच्या नाकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

घरी दोघं मागेपुढे चालत आले. आत्याने दोघांची तोंडं बघितली आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही न विचारता आत निघून गेली. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

“किती दिवस?” त्यांनी विचारलं.

“दोन वर्षं.”

“सगळी?”

काही सांगता आलं असतं. अर्धी, थोडी, कधीमधी. पण पाच झाकणं उघडून बघितलेल्या माणसाला काय फसवणार?

“सगळी,” ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. बराच वेळ ते हाताकडे बघत होते, जणू तो कुणीतरी त्यांच्या मांडीवर आणून ठेवला होता.

“आणि तो श्वासाचा त्रास?”

“नव्हता बाबा.”

“इकडे ये. उजेडात ये.”

ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली. बाबांनी तिच्या हनुवटीला बोट लावून चेहरा खिडकीकडे वळवला, मग दुसरीकडे. दुसऱ्या कारागिराचं काम तपासावं तसं त्यांनी ते नाक नीट पाहिलं. बोट हनुवटीवर थरथरत होतं आणि आता ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

“सुबक आहे,” बाबा म्हणाले. “स्वच्छ हात आहे बाईंचा.” मग थांबून, अगदी साध्या आवाजात, “माझ्या हातून जे आलं ते सगळंच तुला पुन्हा करून घ्यावं लागलं, नाही का गं बाळ?”

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिने भांडून तो परतवला असता. ‘तसं नाही हो बाबा’ हे शब्द तिच्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले, कारण तसंच होतं. तिला रडू फुटलं. नाक भरून आलं, शिंकरायची सोय नव्हती, आणि ती लहान मुलासारखी तोंडाने श्वास घेत त्यांच्या पायांशी बसून राहिली. बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. पण त्यांचं मन कुठेतरी लांब होतं.

तीन आठवडे झाले तेव्हा तिने दुकान उघडलं. बाबा आले नाहीत. सकाळी दाढी केली नव्हती. नवी किल्ली त्यांनी तिच्या ताटाशेजारी ठेवली होती. परत आलेली घड्याळं तिने एकेक करून लावली, त्यात स्वतःची खूण कोरली, नुसती स्वतःची. गिऱ्हाइकं यायची, आधी नाकाकडे बघायची, ‘छान दिसता हं ताई’ म्हणायची, आणि मग हळूच विचारायची, “काका?”

“आराम करतायत,” ती म्हणायची.

पाचला तिचं काम संपलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच पाचला संपलं, पुन्हा उघडायला काही उरलं नव्हतं. तरी ती शटर अर्धं ओढून सातपर्यंत तशीच बसून राहिली, कारण घरी बाबा होते.